केवलरामचा निकाल

मळमड्डीच्या आमच्या घरात ज्या माणसाच्या मरणावर वर्षभर वाद चालला तो माणूस मुळात नव्हताच. आणि ज्यांच्या मरणाचा विचारही कुणाला शिवला नव्हता ते अप्पा एका बुधवारी दुपारी कोर्टातून आले, काळा कोट खुंटीला लावला, "शाले, पाणी आण गं" म्हणाले आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेलेले होते. अक्का असती तर म्हणाली असती, अशी सुरुवात करू नकोस, आलेल्या माणसाला आधी बस तरी म्हण. अक्का गेल्यापासून मी हे लिहायला बसते. कधी अर्धं पान होतं, कधी नुसती पेनात शाई भरून होते. तिचं ऐकते आणि आधी बसायला सांगते.

अप्पा धारवाडच्या कोर्टात फौजदारी वकील होते. फौजदारी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खून-दरोडे येतात. अप्पांच्या वाट्याला यायचे ते अळणावरकडचे शेळ्या पळवणारे, बांध कोरणारे आणि जत्रेत एकमेकांची डोकी फोडून पुन्हा एकाच बैलगाडीतून कोर्टात येणारे लोक. त्यांच्याकडे रोकड नसायची, म्हणून फी शेंगांच्या पोत्यांत आणि गुळाच्या ढेपांत यायची. आई म्हणायची, "निर्दोष असतो तो नुसत्या शेंगा आणतो. खरा चोर गूळपण आणतो." आमच्याकडे गूळ भरपूर असायचा. दिवसभर खलबत्त्यात शेंगा कुटल्याचा आवाज, चटणीतल्या लसणाचा वास, आणि मधूनमधून जवळच्या स्टेशनातून सुटणारी मालगाडी. ती गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि घरातलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. परका माणूस बोलत राहायचा, त्यावरून तो मळमड्डीचा नाही हे कळायचं.

टीव्ही अक्काने घेतला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, रोज बसने जाऊन-येऊन करणारी. अप्पा त्याला सुरुवातीला "ती पेटी" म्हणत, मग "तुझी पेटी" म्हणू लागले, आणि बुधवारी संध्याकाळी केवलराम दिसायला लागल्यावर तो "आपला टीव्ही" झाला.

केवलराम हा मुंबई बंदरावरचा गोदाम कारकून. पहिले काही भाग तो इतका प्रामाणिक आणि गरीब होता की गल्लीतलं कुणी बघायला येईना. मग त्याने आपल्या साहेबाला समुद्रात ढकललं आणि तो घराघरांत आवडता झाला. पुढे त्याने सोन्याचा चोरटा धंदा उभा केला, भागीदार मारला, भागीदाराचा मेहुणा मारला. खून करायच्या आधी तो खिशातून चिमूटभर बडीशेप काढून सावकाश चघळायचा, आणि खून झाला की गावाकडे आईला फोन करून तिचे गुडघे कसे आहेत ते विचारायचा. त्या दिवसांत आमच्याकडे जेवणानंतर कुणी बडीशेपेच्या डबीला हात लावला की बाकीचे भिंतीला पाठ लावून बसायचे.

बुधवारी आई मोठ्या परातीत गिरमिट करायची. चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, वर डाळं कुटून. सोबत मिरचीची भजी. पलीकडचे हिरेमठसर, निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यांच्या घरी टीव्ही असूनही आमच्याकडे यायचे, कारण त्यांच्या घरी वाद घालायला कुणी नव्हतं. त्यांचं मत पहिल्यापासून ठाम होतं: फाशी. "इतके खून केल्यावर दुसरं काय हो वकीलसाहेब? निसर्गाचा नियम आहे." अप्पा पाय हलवत म्हणायचे, "निसर्गाला पुरावा लागत नाही, कोर्टाला लागतो. बघणारा एक तरी साक्षीदार दाखवा. सुटणार तो. निर्दोष सुटणार आणि दारात हार घालून घेणार." अक्काचं म्हणणं वेगळंच. "ऑपरेटर पकडून देणार त्याला. दर खुनानंतर ट्रंककॉल लावतोय, ती पोरगी काय कानात बोळे घालून बसलीय होय? ऐकत असतो आम्ही सगळं." हे तिने इतक्या सहज सांगितलं की हिरेमठसरांनी पुढे महिनाभर फोन करायचं टाळलं. मी त्या वेळी कॉलेजात होते आणि जाड परदेशी कादंबऱ्यांची भाषांतरं वाचत होते, त्यामुळे केवलराम पश्चात्तापाने स्वतःच जीव देईल असं माझं मत होतं. ते मला कुणी विचारलं नाही. आई काहीच म्हणायची नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं? गिरमिट घ्या की, मऊ पडायलंय."

मालिकेत खटला उभा राहिला तेव्हा अप्पांना कसला म्हणून धीर राहिला नाही. टीव्हीतला सरकारी वकील काही विचारायला लागला की अप्पा खुर्चीतून अर्धे उठायचे. "अहो, हा प्रश्न विचारताच येत नाही! न्यायाधीश झोपलाय की काय?" नेमकी त्याच वेळी मालगाडी जायची. गाडी गेल्यावर न्यायाधीशाने काय उत्तर दिलं यावर दोन पक्ष पडायचे, आणि पुढच्या बुधवारपर्यंत तो वाद कोर्टाच्या बाररूममध्ये, अक्काच्या बसमध्ये आणि सरांच्या अंगणात चालू राहायचा. भाजीवाली बाईसुद्धा दारात पाटी उतरवून विचारायची, "अक्का, सुटतानो इल्लो? सुटतो का नाही तो?" आणि उत्तर आवडलं तर कोथिंबीर जास्त टाकायची.

आणि याच वर्षात अक्काचं ते प्रकरण उभं राहिलं.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात बसवराज नावाच्या एका मुलाच्या वडलांचं बिजागऱ्या, कड्या, कुलपांचं दुकान होतं. कुलपांची ऑर्डर द्यायला तो उत्तरेकडे ट्रंककॉल बुक करायचा. कॉल लागायला अर्धा दिवस जायचा, आणि तो अर्धा दिवस दर थोड्या वेळाने एक्स्चेंजला फोन करून विचारायचा. अक्का म्हणाली, बाकीचे लोक ऑपरेटरला शिव्या घालतात, हा एकच माणूस "सावकाश होऊ दे बाई, जेवलात का?" असं विचारायचा. वर्षभर ती दोघं एकमेकांना न बघता बोलत होती. मग बघितलं, आणि तरीही बोलत राहिली. लिंगायत, घरात कानडी, अक्कापेक्षा बोटभर बुटका. हे सगळं तिने एका संध्याकाळी अप्पांना पान वाढता वाढता सांगून टाकलं.

अप्पांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला. "मुलगा पुरावा काय देतोय?"

"कसला पुरावा अप्पा?"

"चांगला असल्याचा."

"तुम्ही भेटा की त्याला."

"भेटू. केवलरामचा निकाल लागू दे. मी एका वेळी एकच खटला चालवतो."

हा विनोद होता असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. तसा तो होताही. पण अप्पांना ओळखणाऱ्याला माहीत होतं की ज्या खटल्यात त्यांना काय म्हणावं सुचत नसे, त्यात ते तारीख मागून घेत. नाही म्हणायला मन होत नव्हतं आणि हो म्हटलं तर बेळगावच्या नानाकाकांना तोंड द्यायचं होतं. नानाकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. घराण्याची काळजी करण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं, कुणी दिलेलं नसताना.

तेव्हापासून अक्का केवलरामच्या जिवावर उठली. त्याला फाशी होवो, गोळी लागो, हार्ट अटॅक येवो, तिची काही हरकत नव्हती, पण संपू दे. कुणी त्याच्यावर पिस्तूल रोखलं की ती परातीतला हात तसाच धरून पुटपुटायची, "मार, मार, बघतोस काय!" गोळी चुकली की सर सुटकेचा निःश्वास टाकायचे, कारण त्यांना तो फाशीसाठी जिवंत हवा होता, आणि अक्का चिडून आत निघून जायची. मग मालिका लोकांना फार आवडल्यामुळे वाढवल्याची बातमी आली. त्या दिवशी ती जेवली नाही. अप्पा मात्र खूश होते. "घाई कशाला? मोठा खटला आहे," असं म्हणून त्यांनी दोन भजी जास्त खाल्ली. निकाल जवळ आला तसे ते अक्काकडे चोरून बघायला लागले होते हे मला दिसत होतं. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "कुलपांचं दुकान म्हणजे साधारण केवढं असेल गं?" मी म्हटलं, दुर्गदबैलमध्ये सगळीच दुकानं कपाटाएवढी असतात. "हं," म्हणाले, "पण कुलूप ही वस्तू चांगली. चोरांना उपयोगी नाही."

आणि मग तो बुधवार.

माणूस गेल्यावर घरात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, ते मी लिहीत नाही. एक मात्र लिहिते. टीव्हीवर कुणीतरी चादर घातली होती. संध्याकाळ झाली तशी भेटायला आलेल्या माणसांची बोलणी तुटक व्हायला लागली. वकील मंडळी जमिनीकडे बघत होती, आणि मधूनच प्रत्येकाची नजर घड्याळाकडे आणि घड्याळावरून चादरीकडे जात होती. हिरेमठसर डोळे पुसत होते. पुसता पुसता त्यांनीही बघितलं. मला राग यायला हवा होता. पण मीसुद्धा तेच करत होते. चादरीखाली आत्ता केवलराम उलटतपासणीला उभा असणार, आणि हरकत घ्यायला कुणी नाही, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून क्रियेला नानाकाका बसले. धोतर, जानवं, केस उतरवलेले, आणि चेहऱ्यावर घराची सूत्रं हातात आल्याचं तेज. त्यांना बसवराजचं कळलेलं होतं. नातेवाईक माणूस गेल्याची बातमी ऐकून येतात आणि येताना बाकीच्या बातम्या गोळा करत येतात. दोन दिवस ते गप्प राहिले, मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला म्हणाले, "वहिनी, दादा त्या काळजीनंच गेले." आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. अक्का मागच्या पायरीवर बसलेली होती. तिने ऐकलं.

दहाव्याला केलगेरीच्या तळ्यावर गेलो. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण आई म्हणाली, "मी येणार," आणि इतक्या वर्षांत तिने न मागितलेली गोष्ट मागितल्यामुळे नानाकाकांना नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. मग आम्ही दोघी बहिणीही गेलो. हिरेमठसर बरोबर आले. लिंगायतांत हे कावळ्याचं काही नसतं, त्यामुळे ते विज्ञानाच्या प्रयोगाला आल्यासारखे थोडे लांब उभे राहून बघत होते. गोपाळभटजींनी बांधाजवळ दर्भावर भाताचा पिंड मांडला, वर दही घातलं, आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. चिंचेच्या झाडावर कावळे होते. भरपूर होते. बांधावर कुणाची तरी एक शेळी चरत होती.

कावळे आले नाहीत.

हल्ली शहरात घाटांवर कावळेच राहिले नाहीत म्हणे. माझ्या एका ओळखीच्यांनी मोबाइलवर कावकाव लावून ठेवली होती, तर पारवे आले. त्या वेळी केलगेरीला कावळ्यांची वाण नव्हती. ते फांदीवर बसून पिंडाकडे बघत होते आणि चोची घासत होते, जवळच्या हॉटेलात यापेक्षा चांगलं मिळतं हे माहीत असल्यासारखे. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे. ती ओळखायची आणि मोठ्याने वचन द्यायचं. शिवला, तर इच्छा तीच होती.

नानाकाका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नका. मी आहे." कावळा हलला नाही. "धाकटीचं शिक्षण पुरं करू." एक कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला. भटजी म्हणाले, "उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या का?" नानाकाकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी दर्भाची जुडी खाली ठेवली. मग ते अक्काकडे वळले.

"आता तू बोल."

अक्का पिंडाकडे बघत राहिली.

"सगळ्यांना ठाऊक आहे दादांचा जीव कशात अडकलाय. म्हण, त्या दुकानदाराच्या पोराचं नाव सोडलं. एवढं म्हण, बघ येतो की नाही कावळा."

"नाना," आई म्हणाली.

"तुम्ही मध्ये पडू नका वहिनी. बाप इथं लोंबकळत राहिलाय हिच्यापायी. बोल गं."

अक्काचे ओठ पांढरे पडले होते. ती दोन पावलं पुढे गेली आणि तिने हात जोडले. एकदा पिंडापुढे म्हटलेलं वचन मोडायचं आमच्या घरात कुणाच्या छातीत नव्हतं, तिच्या तर नव्हतंच. ती तसं म्हणणार होती. मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. ऑपरेटर लोक लाइन तोडायच्या आधी जसा श्वास घेतात तसा तिने श्वास घेतला.

"थांब," आई म्हणाली. ती अक्काच्या पुढे गेली, पदर सारखा केला आणि पिंडाकडे बघून घरात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "अहो, त्या केवलरामचं राहिलंय ना तुमचं? ऐकते आहे मी. काय होतंय ते मी स्वतः बघून तुम्हाला सांगीन." मग मागे वळून, "सर, ह्या बुधवारचं तुम्ही बघितलंत की. सांगा त्यांना."

हिरेमठसर दचकले. "इल्ले? ईगा?" म्हणजे इथे, आत्ता? आईने मान हलवली. सर एक पाऊल पुढे आले, चप्पल काढावी की ठेवावी ते न कळून एक काढली, आणि पिंडाला उद्देशून घसा साफ केला. "वकीलसाहेब, त्याचं असं झालं. ड्रायव्हर साक्षीला आला. त्यानं सांगितलं, गाडीत रक्त होतं. म्हणजे माफीचा साक्षीदार झाला तो..."

"माफीचा नाही," गोपाळभटजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"माफीचा साक्षीदार नाही झाला. त्यानं नुसता जबाब दिला," भटजी म्हणाले. "तुम्ही नीट बघितलं नाही. आमच्या मुलीकडे मी समोर बसून बघितलं."

"अहो, न्यायाधीश म्हणाले की..."

"न्यायाधीश काहीच म्हणाले नाहीत, चष्मा काढला फक्त."

"चष्मा काढला म्हणजेच फाशी!" सर म्हणाले. "तसं दाखवतात."

"काय बोलता तुम्ही?" हे नानाकाका होते. त्यांनी हात अजून जोडलेलेच होते. "फाशी कशी होईल? रक्त कुणाचं हे कुठं सिद्ध झालंय? ड्रायव्हरला फितवलाय इन्स्पेक्टरनं. बेळगावात शेंबडं पोर सांगेल." मग एकदम लाज वाटून म्हणाले, "घरी पोरं बघतात. येता-जाता दिसतं."

"पण फोन?" अक्काचा आवाज फुटत होता, तरी ती बोलली. "त्या रात्रीच्या ट्रंककॉलचं कुणी विचारतच नाही. ऑपरेटरला बोलवा की साक्षीला!"

"ऑपरेटर काय सांगणार? आईचे गुडघे दुखतात म्हणून?"

"वेळ सांगेल काका, वेळ! खून झाला तेव्हा तो कुठं होता ते सांगेल!"

भटजींनी दर्भाची काडी हवेत हलवत वेळेचा मुद्दा खोडायला घेतला, सर त्यांना अडवत होते, मी आयुष्यात पहिल्यांदा माझं मत मोठ्याने सांगितलं की तो जीव देईल, आणि त्यावर चौघेही एकदम "छे!" म्हणाले. पंख फडफडल्याचा आवाज आला असावा. आई म्हणते आला. आम्ही वळलो तेव्हा पिंड फुटून पसरला होता, दही सांडलं होतं, कावळे चिंचेवर होते तसे होते, आणि शेळी मघापेक्षा बरीच अलीकडे उभी राहून काहीतरी चघळत होती.

"शिवला," गोपाळभटजी म्हणाले.

"कुणी बघितला?" नानाकाका म्हणाले.

भटजींनी पिंडाकडे बघितलं, मग शेळीकडे, मग आकाशाकडे, कारण ऊन चढत होतं आणि त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. "भात विस्कटलाय, बघा की. शेळी गवत खातेय. शिवला. चला, आंघोळी करा." नानाकाकांना पुष्कळ बोलायचं होतं, पण शेळीने शिवला असं म्हटलं तर सख्ख्या भावाची गती शेळीच्या पोटात गेली असं झालं असतं, आणि तसं बेळगावात जाऊन सांगता येण्यासारखं नव्हतं. ते मुकाट्याने तळ्यात उतरले. अक्का अजून हात जोडून उभी होती. आईने ते हात धरून खाली केले.

तेरावा झाला. नानाकाका दुसऱ्या दिवशी जाणार होते, पण अप्पांच्या कपाटातली पुस्तकं लावायची आहेत असं काढून बुधवारपर्यंत राहिले. बुधवारी आईनेच टीव्हीवरची चादर काढली. गिरमिट केलं नाही, पण चुरमुरे भिजवून पुढे ठेवले. सर आले, बाररूममधले दोघे आले, गोपाळभटजी सहज जाता जाता आले. अप्पांच्या खुर्चीत कुणी बसलं नाही, आणि नंतर गर्दी इतकी झाली की भटजी बसले.

शेवट असा होता. न्यायाधीश निकाल वाचायला कागद उचलतात तेवढ्यात बाहेर गोंधळ होतो, दिवे जातात, दिवे येतात आणि केवलराम नसतो. मग धक्का दिसतो, समुद्र दिसतो. तो आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो, तोंडात बडीशेप टाकतो, समोरून एक बोट येत असते. बोटीत पोलीस आहेत की त्याची माणसं हे दिसायच्या आत चित्र थांबलं आणि नावं सरकायला लागली.

क्षणभर कुणाला कळेना. मग हिरेमठसर उभेच राहिले. "इदेन्री इदु? हे काय हे? वर्षभर बसवून घेतलं आणि निकालच नाही?" वकील म्हणाले, हे वरच्या कोर्टात टिकणार नाही. भटजी म्हणाले, बोट पोलिसांचीच, नानाकाका म्हणाले, शक्य नाही, आणि दोघांची तळ्यावर राहिलेली बाकी पुन्हा सुरू झाली. अक्का कोपऱ्यात बसली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती रडत नव्हती. तिचा चेहरा फक्त फार थकलेला दिसत होता, बारा तासांची ड्युटी करून उतरल्यासारखा. ज्याच्या निकालावर तिचा निकाल ठेवला होता तो असा समुद्राकडे बघत बसून राहिला होता.

आईने टीव्ही बंद केला. "सुमे," ती अक्काला म्हणाली, "रविवारी त्याला जेवायला बोलाव."

नानाकाका बोटीतून एकदम घरात आले. "वहिनी, दादांनी होकार दिला नव्हता."

"नकारही दिला नव्हता."

"म्हणजे निकाल राहिलाच ना?"

"राहिला की. मग आता कोण देणार तो?" आईने रिकाम्या टीव्हीकडे बोट केलं. "हा?" आणि चुरमुऱ्यांची परात उचलून ती आत गेली. आमच्या आईने कुणाच्या बोलण्याचं उत्तर ऐकायला न थांबता निघून जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. नानाकाका पहाटेच्या बसने बेळगावला गेले. पुढे लग्नाला आले, रुसून बसले, आणि सगळ्यात जास्त जेवले.

बसवराज रविवारी आला. फोनवर त्याचा आवाज मोठा असेल, प्रत्यक्षात तो दारातून आत यायला लाजत होता. हातात कागदात गुंडाळलेलं एक कुलूप होतं, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं आणि दुःखाच्या घरी पेढे कसे न्यायचे हे त्याला ठरवता आलं नव्हतं. हिरेमठसर साक्षीला असावेत तसे शेजारी बसले. साधाच बेत होता: भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, दही. सगळे खाली मान घालून जेवत होते. आई कानडीत बोलायची तेव्हा तिचा आवाज जरा मोकळा व्हायचा. भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "तुला काय वाटतं रे, केवलरामचं काय झालं असेल?"

आम्ही सगळ्यांनी घास थांबवले. सर तर पुढे झुकले.

बसवराजने घाबरून अक्काकडे बघितलं, मग आईकडे. "यारु केवलराम?" तो म्हणाला. कोण केवलराम? बुधवारी संध्याकाळी तो दुकानाचा माल लावायचा. वर्षभर देश ज्याच्यासाठी जीव टाकत होता त्याचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. अक्काने कपाळाला हात लावला. हे तिलाही माहीत नव्हतं. एवढं बोलून ती दोघं याबद्दल कधी बोललीच नव्हती.

आई आत गेली आणि चुलीपुढे बसली. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेले तर ती पदर तोंडात धरून हसत होती. "शाले, ह्यांचं कसं झालं असतं गं? सगळा जन्म वाद घालण्यात गेला आणि जावई हा असा. दोघांनी नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं." मग ते हसणं बदललं, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. तव्यावर भाकरी फुगून करपायला लागली होती.

अक्काला गेल्या वर्षी हुबळीत तिच्या सासरच्या रीतीने मातीत ठेवलं. तिथे कावळ्याला विचारायचं नसतं. माणसाचं काय राहिलं होतं ते ज्याचं त्याने ओळखायचं. मी अजून ओळखते आहे.

त्या रविवारी आईने तोंड धुतलं, ती भाकरी बाजूला टाकून दुसरी केली आणि गरम गरम घेऊन बाहेर गेली. "असू दे," ती बसवराजला म्हणाली, "मी सांगते तुला." आणि त्याच्या पानासमोर बसून तिने पहिल्या भागापासून केवलराम सांगायला घेतला. गोदाम, साहेब, समुद्र, बडीशेप, ड्रायव्हर. वर्षभर "मला काय कळतंय" म्हणणाऱ्या बाईला सगळं पाठ होतं. बसवराज जेवायचं विसरून ऐकत होता. सर दोनदा मध्ये बोलायला गेले, दोन्ही वेळा अक्काने त्यांच्या पानात वांगं वाढलं. मालगाडी आली तशी आई थांबली, आणि बसवराजही तोंडातला घास तसाच धरून थांबला. शेवटी कोर्टातले दिवे गेले, धक्का आला, बोट आली.

"मग?" बसवराज म्हणाला.

"मग काय? बोट त्याच्या गावची होती. बसला आणि घरी गेला. आईनं दार उघडलं, आधी कानाखाली एक दिली आणि मग पान वाढलं."

मी अक्काकडे बघितलं नाही. सरांनी आपणहून पानात वांगं वाढून घेतलं.

"आणि पोलीस?"

"ते पण आले. त्यांना म्हणाली, त्याचं जेवण होऊ द्या, मग न्या."

बसवराजने थोडा विचार केला, मान हलवली आणि भाकरी मोडली. "छलो आत," तो म्हणाला. बरं झालं.